श्वासाची भाषा जाणणारा वैद्य

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारासारखे लहानसे खेडे असो अथवा मुंबईसारखे अफाट शहर असो, डॉक्टर रोग्याला तपासू लागला की त्याचा हात प्रथम एका उपकरणाकडे जातो. रबरी नळीची दोन टोके तो आपल्या कानांत अडकवितो आणि तिसऱ्या टोकाला असलेली चकती रोग्याच्या छातीवर व पाठीवर ठेवतो. मग तो रोग्याला दीर्घ श्वास घ्यायला सांगतो आणि क्षणभर सारे शांत होते. त्या शांततेत डॉक्टरला रोग्याच्या छातीतले सारे बोलणे ऐकू येत असते. दोनशेहून थोड्या अधिक वर्षांपूर्वी मात्र हे बोलणे असे स्पष्ट ऐकण्याचे साधन जगातील कोणाही वैद्यापाशी नव्हते. ते साधन ज्याने दिले आणि छातीतील आवाजांचा अर्थ ज्याने प्रथम नीट लावून दाखविला, त्या फ्रेंच वैद्याचे नाव रने लाएनेक.

फ्रान्सच्या वायव्येस ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. तेथील लोकांची जुनी बोली फ्रेंचहून निराळी आहे. या प्रांतातील कँपेर या गावी १७ फेब्रुवारी १७८१ रोजी रनेचा जन्म झाला. त्याचे वडील वकील होते. परंतु त्यांचा स्वभाव खर्चिक व चंचल होता. आईची माया रनेला फार काळ लाभली नाही. तो अवघा पाच वर्षांचा असताना क्षयरोगाने तिचे निधन झाले. पोरक्या झालेल्या या मुलाला काही काळाने नांत या शहरी काकांकडे पाठविण्यात आले. काका गियोम हे नामांकित वैद्य होते. त्यांनी पुतण्याला पोटच्या मुलाप्रमाणे वाढविले. त्या घरात रनेला दोन गोष्टी मिळाल्या: एक प्रेम आणि दुसरी विद्येची गोडी.

तो काळ मोठा धामधुमीचा होता. १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. पुढे नांत शहराच्या चौकात शिरच्छेदाचे यंत्र उभे राहिले आणि कोवळ्या वयाच्या रनेला घराजवळच मृत्यूचे ते थैमान पाहावे लागले. अशा भीषण दिवसांतही त्याने अभ्यास सोडला नाही. लॅटिन व ग्रीक या भाषा त्याने आत्मसात केल्या. बासरी वाजविण्याचा त्याला छंद होता. पुढे ज्याला सूक्ष्मातिसूक्ष्म ध्वनींतील भेद ओळखायचे होते, त्याचा कान लहानपणी सुरांवर तयार झाला, ही मोठी भाग्याची गोष्ट म्हटली पाहिजे. चौदा वर्षांचा झाल्यावर तो काकांच्या हाताखाली रुग्णालयात काम शिकू लागला. त्याची देहयष्टी कृश होती. त्याला अधूनमधून धाप लागे. तथापि रोग्यांच्या खाटांपासून तो कधी दूर राहिला नाही.

१८०१ साली लाएनेक पॅरिसला पोचला. तेथे कॉर्व्हिसार नावाच्या थोर वैद्याच्या हाताखाली त्याचे शिक्षण सुरू झाले. कॉर्व्हिसार हा नेपोलियनचा खाजगी वैद्य होता. रोग्याच्या छातीवर बोटांनी हलके ठोके देऊन आतील स्थिती ओळखण्याची एक पद्धत तो आपल्या शिष्यांना शिकवीत असे. ही पद्धत ऑस्ट्रिया देशातील आउएनब्रुगर नावाच्या वैद्याने शोधून काढली होती. आउएनब्रुगरचे वडील खाणावळ चालवीत. पिंपात द्रव कोठपर्यंत भरला आहे, हे पिंपावर ठोके देऊन ओळखता येते, ही तेथली नित्याची गोष्ट होती. रिकामे मडके टिचकी मारली की खणखणते आणि पाण्याने भरलेले मडके बद्द वाजते, हे आपल्याकडच्या प्रत्येक घरी ठाऊक असते. छातीचेही तसेच असले पाहिजे, असे आउएनब्रुगरला वाटले. त्याने १७६१ साली यावर एक लहानसे पुस्तक लिहिले. पण ते फारसे कोणी वाचले नाही. कॉर्व्हिसारने १८०८ साली त्याचे फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे या पद्धतीला मान मिळाला.

छातीत पाणी भरते म्हणजे काय होते? मनुष्याचे फुप्फुस स्पंजासारखे हलके असते. त्यात कोट्यवधी चिमुकले वायुकोश असतात. प्रत्येक वायुकोशाभोवती केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. श्वासाबरोबर आलेल्या हवेतील प्राणवायू वायुकोशाच्या अतिशय पातळ भिंतीतून रक्तात शिरतो आणि तेथूनच तो हृदयाच्या वाटे साऱ्या शरीरात जातो. हृदय दुबळे झाले, म्हणजे फुप्फुसातून येणारे रक्त त्याला पुढे ढकलता येत नाही. धरणाचे दरवाजे बंद झाले की मागे पाणी तुंबते, तसे ते रक्त फुप्फुसात तुंबते. मग रक्तातील पाण्यासारखा अंश वाहिन्यांच्या भिंतींतून पाझरून वायुकोशात उतरतो. जेथे हवा असावयाची तेथे पाणी येते. अशा माणसाला श्वास अपुरा पडतो. आडवे पडले की त्याचा जीव अधिकच घाबरा होतो. म्हणून तो रात्र रात्र बसून काढतो. त्याचे ओठ निळसर पडतात. विहिरीत बुडणाऱ्या माणसाची जी दशा होते, तीच दशा कोरड्या अंथरुणावर त्याच्या वाट्याला येते.

कधी कधी पाणी फुप्फुसाच्या आत न भरता त्याच्या भोवतीच्या दुपदरी आवरणात साचते आणि बाहेरून फुप्फुसाला दाबते. कधी न्यूमोनियाने वायुकोशात दाट स्राव भरतो, तर कधी क्षयाने फुप्फुस पोखरले जाते. धाप व खोकला ही लक्षणे या सर्व रोगांत थोडीबहुत सारखीच असतात. मग कोणता रोग कोणाला झाला आहे, हे ओळखावे कसे? रोगी मरण पावल्यावर शरीर उघडून पाहिले तरच पुष्कळदा खरा उलगडा होई. पण तो उलगडा रोग्याच्या काय कामाचा?

लाएनेकला हा प्रश्न पुस्तकापुरता नव्हता. आई क्षयाने गेली होती. १८१० साली त्याचा धाकटा भाऊही त्याच रोगाने गेला. १८१६ साली त्याचा जिवलग मित्र बेल याने क्षयानेच देह ठेवला. हा बेल स्वतः क्षयरोगाचा मोठा अभ्यासक होता. मृत्यूने जणू लाएनेकच्या भोवतीचा प्रत्येक उंबरठा ओलांडला होता.

दरम्यान वैद्यकाच्या परीक्षांत लाएनेकने मोठे यश मिळविले होते. १८०४ साली त्याला पदवी मिळाली. गोरगरिबांना तो मनापासून तपासी. १८१४ साली नेपोलियनच्या सैन्यातील अनेक जखमी व आजारी सैनिक पॅरिसला आणण्यात आले. त्यांत ब्रिटनीचे तरुण शेतकरी पुष्कळ होते. त्यांना फ्रेंच भाषा नीट येत नव्हती. परक्या शहरात, परक्या भाषेत, आपले दुखणे कोणाला सांगावे हे त्यांना कळेना. लाएनेकने या सैनिकांना एकत्र ठेवण्याची व्यवस्था करविली आणि तो त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलू लागला. रोग्याचे बोलणे लक्ष देऊन ऐकले पाहिजे, हा धडा त्याने येथे गिरविला. पुढे दोनच वर्षांनी त्याला रोग्याच्या छातीचेही बोलणे ऐकू येणार होते.

१८१६ साली पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात लाएनेकची वैद्य म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुण स्त्री त्याच्याकडे आली. ती अंगाने स्थूल होती. त्यामुळे छातीवर ठोके देऊन काहीच उमगेना. छातीला कान लावून ऐकण्याची रीत जुन्या वैद्यांना माहीत होती. पण परक्या तरुण स्त्रीच्या छातीला असा कान लावणे त्याला अनुचित वाटले. तो विचारात पडला. तेवढ्यात त्याला ध्वनीविषयीची एक साधी गोष्ट आठवली. लांब तुळईच्या एका टोकाला कान लावला आणि दुसऱ्या टोकाला कोणी टाचणीने ओरखडे काढले, तर तो बारीक आवाज लाकडातून स्पष्ट ऐकू येतो. पॅरिसमधील एका राजवाड्याच्या अंगणात मुलांना हा खेळ खेळताना त्याने पाहिले होते, अशी एक कथाही सांगतात.

जवळच कागदांची एक वही होती. लाएनेकने तिची घट्ट सुरळी केली, तिचे एक टोक त्या स्त्रीच्या छातीवर ठेवले आणि दुसऱ्या टोकाला आपला कान लावला. नुसता कान लावून हृदयाचे ठोके जितके स्पष्ट ऐकू येत, त्याहून कितीतरी स्पष्ट ते आता ऐकू आले. तो चकित झाला. हृदयाचे ठोके ऐकू येतात, तर श्वासाचा आवाज का ऐकू येऊ नये? रोग्याचे बोलणे छातीतून कसे ऐकू येत असेल? त्या कागदाच्या सुरळीने त्याच्यापुढे एक नवे जग उघडले.

लाएनेकच्या हाताला सुतारकामाची सवय होती. कातावर तो स्वतः लाकडी नळ्या कातू लागला. काच, धातू अशा निरनिराळ्या वस्तू त्याने वापरून पाहिल्या. पण मध्यम घनतेचे लाकूड सर्वांत उत्तम ठरले. अखेर सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची, मधोमध बारीक भोक असलेली एक नळी त्याने कायम केली. ग्रीक भाषेतील छाती आणि पाहणे या अर्थांच्या दोन शब्दांवरून त्याने तिला स्टेथॉस्कोप हे नाव दिले. छातीत पाहण्याचे साधन, असा त्याचा अर्थ. पाहावयाचे होते ते मात्र कानांनी!

नळी तयार झाली. परंतु खरे काम पुढेच होते. छातीतून नाना प्रकारचे आवाज येत. त्यांपैकी कोणता आवाज कोणत्या रोगाचा, हे सांगणारा ग्रंथ जगात नव्हता. तो लाएनेकलाच लिहावयाचा होता. त्याने सुमारे तीन वर्षे अविश्रांत श्रम केले. प्रत्येक रोग्याची छाती तो पुन्हा पुन्हा ऐके आणि जे ऐकू येई ते टिपून ठेवी. त्या काळी औषधे तुटपुंजी होती. अनेक रोगी वाचत नसत. जो रोगी मृत्यू पावे, त्याचे शवविच्छेदन करून लाएनेक आपली टिपणे पडताळून पाही. जेथे अमुक आवाज ऐकू आला होता, तेथे फुप्फुसात पाणी होते की पोकळी, की ते घट्ट झाले होते, हे तो डोळ्यांनी पाहून ठरवी. ज्याला आपण वाचवू शकलो नाही, त्याच्याकडूनही पुढच्या रोग्यासाठी काही शिकावे, असा त्याचा नेम होता.

हळूहळू ती अनोळखी भाषा उलगडू लागली. निरोगी फुप्फुसात हवा शिरते तेव्हा झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी मृदू सळसळ ऐकू येते. न्यूमोनियाच्या आरंभी, तसेच फुप्फुसात पाणी पाझरले असता, श्वास घेताना बारीक तडतड होते. तापलेल्या तव्यावर मीठ टाकले असता ते जसे तडतडते, तशी ही तडतड असते, अशी घरगुती उपमा लाएनेकने दिली. फुप्फुसाच्या आवरणात पाणी साचले, म्हणजे रोग्याचा आवाज नळीतून शेळीच्या ओरडण्यासारखा कापरा ऐकू येतो, हेही त्याने दाखविले. पाणी फार झाले, तर त्या जागी श्वासाचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. क्षयाने पोखरलेल्या पोकळीवर नळी ठेवली, तर रोग्याचे बोलणे जणू छातीतूनच निघून थेट कानात येते. सर्वांना ओळखीच्या असलेल्या आवाजांशी तुलना केल्यामुळे, ज्याने पूर्वी कधी नळी हाती धरली नव्हती अशा वैद्यालाही हे भेद समजू लागले.

१८१९ साली लाएनेकचा ग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्याची पृष्ठसंख्या नऊशेंहून अधिक होती. ग्रंथाबरोबर अल्प किमतीत लाकडी नळीही मिळत असे. फुप्फुसात पाणी भरण्याचा विकार, आवरणात पाणी साचण्याचा विकार, न्यूमोनिया आणि क्षय यांतील भेद जिवंत रोग्यात कसे ओळखावेत, याचे सविस्तर विवेचन त्यात होते. काहींनी या लाकडी खेळण्याची थट्टा केली. १८२१ साली ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या जॉन फोर्ब्स या वैद्यालाही हे साधन कधी सर्रास वापरात येईल असे वाटले नव्हते. परंतु थोड्याच वर्षांत देशोदेशीचे विद्यार्थी ही विद्या शिकण्यासाठी पॅरिसला येऊ लागले.

अतिश्रमाने लाएनेकची प्रकृती मात्र ढासळली. ग्रंथ पुरा होताच तो विश्रांतीसाठी ब्रिटनीला गेला. तेथील मोकळ्या हवेत त्याला बरे वाटले. १८२२ साली पॅरिसमध्ये त्याला प्राध्यापकपद मिळाले आणि तो पुन्हा कामाला लागला. व्याख्याने, रोग्यांची तपासणी आणि ग्रंथाची दुसरी, सुधारून वाढविलेली आवृत्ती यांत त्याचे दिवस जाऊ लागले. ती आवृत्ती १८२६ साली बाहेर पडली. त्या वर्षी त्याला सतत ताप व खोकला येऊ लागला. आपल्याला काय झाले आहे, हे जाणून घेण्याचे त्याने टाळले नाही. त्याचा नातलग मेरियादेक हाही वैद्य होता. आपली छाती नळीने ऐकून जे ऐकू येईल ते जसेच्या तसे सांगण्यास लाएनेकने त्याला सांगितले. मेरियादेकने सांगितलेली लक्षणे लाएनेकला पूर्ण परिचयाची होती. तीच त्याने आपल्या ग्रंथात क्षयरोगाची खूण म्हणून लिहिली होती.

त्याने पॅरिसचा निरोप घेतला आणि तो आपल्या प्रांतात, समुद्राजवळच्या घरी परतला. १३ ऑगस्ट १८२६ रोजी तेथेच त्याचे देहावसान झाले. तेव्हा त्याचे वय अवघे ४५ वर्षांचे होते. मृत्युपत्रात त्याने आपली पुस्तके व स्टेथॉस्कोप मेरियादेकला दिला. आपल्या साऱ्या ठेव्यात ती साधी लाकडी नळीच त्याला सर्वांत मोलाची वाटत होती.

लाएनेकला रोग ओळखता आला. परंतु तो बरा करण्याचे साधन त्याच्या हाती नव्हते. ते पुढच्या पिढ्यांनी शोधले. १८८२ साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने क्षयाचे जंतू शोधून काढले. १८९५ साली राँटगेनला क्ष-किरण सापडले व छातीच्या आतील छायाचित्र घेता येऊ लागले. विसाव्या शतकात क्षयावर गुणकारी औषधे मिळाली. फुप्फुसातील पाणी कमी करण्यासाठी ते लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे आली. आवरणातील पाणी सुईने काढण्याची रीत सुरक्षित झाली. परंतु कोणत्या रोग्याला कोणता उपाय करावयाचा, हे ठरविण्याच्या आधी छाती ऐकावी लागते, ही गोष्ट बदलली नाही.

महाराष्ट्रातही याचे एक उत्तम उदाहरण घडले. कोकणात महाडच्या परिसरात लाल विंचवाच्या दंशाने अनेक माणसे, विशेषतः मुले, दगावत. १९७६ साली बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर अशा रोग्यांच्या उशाशी बसून राहिले. विषामुळे हृदयावर असह्य ताण पडतो, फुप्फुसात पाणी भरते आणि त्यामुळेच रोगी दगावतो, हे त्यांनी बारकाईने पाहून ओळखले. पुढे रक्तवाहिन्या सैल करून हृदयावरील भार हलका करणाऱ्या प्राझोसिन या औषधाचा त्यांनी उपयोग केला. त्यामुळे जेथे शंभरांपैकी सुमारे चाळीस रोगी दगावत, तेथे हे प्रमाण अगदी एकदोनांवर आले. पॅरिसचे मोठे रुग्णालय आणि कोकणातील आडगावचे आरोग्य केंद्र यांत अंतर फार आहे. परंतु रोग्याजवळ थांबून त्याचा श्वास लक्षपूर्वक ऐकण्याची रीत तीच आहे.

लाएनेकच्या लाकडी नळीचे रूप आता पालटले आहे. १८५२ च्या सुमारास दोन्ही कानांनी ऐकण्याची नळी प्रचारात आली. पुढे लाकडाची जागा रबराने घेतली. गावोगावच्या दवाखान्यांत आज ती डॉक्टरांच्या गळ्यात रुळत असते. तिची चकती पाठीवर टेकते, थंडगार स्पर्शाने मूल दचकते आणि डॉक्टर क्षणभर स्तब्ध होतो. त्या वेळी एका कृश, धाप लागणाऱ्या माणसाने स्वतःचे थोडके श्वास खर्चून शिकून घेतलेली विद्या त्या मुलाच्या उपयोगी पडत असते.